चार्ल्स हॅकली: खरा दानशूर, की जंगल विकून नाव कमावलेला माणूस?

मिशिगनकर:
अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं मस्कीगन, तिथल्या लाकूड व्यापारी हॅकलीबद्दल आपल्याकडे कोणी लिहीत नाही म्हणून धागा काढतोय. १८५६ मध्ये एकोणीस वर्षांचा पोरगा मिशिगन सरोवराच्या काठावरच्या या गावात येतो, सॉ मिलमध्ये, म्हणजे लाकूड कापायच्या कारखान्यात, मजूर म्हणून लागतो, मग भागीदार होतो आणि पुढे थॉमस ह्यूम नावाच्या हिशेबनिसाला सोबत घेऊन 'हॅकली अँड ह्यूम' ही लाकडाची कंपनी उभी करतो. मधल्या काळात काउंटीचा खजिनदार, नगरसेवक आणि बरीच वर्षं स्कूल बोर्डावर, म्हणजे गावातल्या शाळा चालवणाऱ्या मंडळावर. १८८८ च्या मे महिन्यात लायब्ररीसाठी १ लाख डॉलर दिले, नंतर पार्क, शाळा, हॉस्पिटल. तो उघड म्हणायचा की श्रीमंताचा पैसा बराचसा लोकांमुळेच येतो, तेव्हा जिवंतपणीच तो लोकांना परत द्यावा. जंगल तर कोणीतरी तोडलंच असतं हो, पैसे आल्यावर माणसाने काय केलं ते बघा ना.

वनराई:
'कोणीतरी तोडलंच असतं' हे वाक्य प्रत्येक लाकूडवाल्याला लागू पडतं, त्याने काय सिद्ध होतं? हिवाळ्यात बर्फावरून ओंडके नदीकाठी ओढायचे, टोकाला हातोड्याने मालकाचा शिक्का मारायचा आणि वसंतात नदीत सोडायचे. खाली मस्कीगन बूमिंग कंपनीची माणसं शिक्का बघून ज्याचा माल त्याला वेगळा काढून द्यायची. म्हणजे एकेका ओंडक्याची मालकी पक्की! आणि ती जमीन कोणाची होती? ओडावा आणि ओजिब्वे लोकांची, १८३६ च्या करारात घेतलेली. लोकांना परत द्यायचं म्हणताना त्या 'लोकां'त हे होते का?

रेवती_क:
मला राजकारणाचा भाग जास्त खटकतो. गावातला सगळ्यात मोठ्या मिलमालकांपैकी एक तोच, नगरसेवक तोच, स्कूल बोर्डावरही तोच आणि लायब्ररी दिली ती त्याच स्कूल बोर्डाकडे. वर २५ मे हा 'हॅकली डे'. पार्कला नाव, शाळेला नाव, हॉस्पिटलला नाव. अशा गावात त्याच्या विरोधात बोलणार कोण? त्याच मिशिगनमध्ये सॅगिनॉच्या मिल कामगारांना १८८५ मध्ये दिवसाला दहाच तास काम मिळावं म्हणून संप करावा लागला होता, 'दहा तास, नाहीतर भुसा नाही' ही त्यांची घोषणा, आणि मालकांनी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीचे भाडोत्री लोक आणले. लाकडाच्या धंद्यातला पैसा असा जमत होता.

मिशिगनकर:
सॅगिनॉचा हिशोब हॅकलीच्या खात्यावर कशाला टाकता? आणि बाकीच्यांनी काय केलं तेही बघा की. त्याच किनाऱ्यावर सॉगाटकजवळ सिंगापूर नावाचं लाकडाचं गाव होतं. १८७१ च्या आगीनंतर शिकागो पुन्हा बांधायला धडाधड लाकूड गेलं, झाडं संपली, मिल बंद झाल्या, लोक निघून गेले आणि वाळूच्या टेकड्यांनी आख्खं गाव गिळलं. मस्कीगनचंही तसंच झालं असतं. हॅकलीची शेवटची मिल १८९४ ला बंद झाली, गावची लोकसंख्या घटायला लागली होती, तरी हा माणूस गेला नाही. १८९७ ला मॅन्युअल ट्रेनिंग स्कूल सुरू केलं, सुतारकाम, लोहारकाम, शिवण, स्वयंपाक, सगळं शिकवणारं, म्हणजे सॉ मिल गेली तरी पोरांच्या हातात काहीतरी राहील. याला नुसतं नाव लावून घेणं म्हणायचं असेल तर मला ते अन्यायाचं वाटतं.

वनराई:
सिंगापूरचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. वाळू धरून ठेवणारी झाडं गेली म्हणून गाव गाडलं गेलं. तोडल्यावर फांद्या-शेंडे तसेच टाकून द्यायचे, उन्हात वाळून कोरडेठाक झालेले, आणि मग १८७१ चा ऑक्टोबर. ज्या दिवशी शिकागो पेटलं त्याच दिवशी मिशिगनमध्ये हॉलंड आणि मॅनिस्टी जळलं, पलीकडे विस्कॉन्सिनमध्ये पेश्टिगोला हजाराच्या वर माणसं गेली. मस्कीगन तलावात टाकलेल्या फळकुटांचा आणि भुशाचा गाळ काढायचं काम या शतकातही करावं लागलंय. तोडलेल्या जमिनी कितीतरी मालकांनी कर न भरता सोडून दिल्या, शेवटी तिथे सरकारी पैशाने रोपं लावली, १९३८ ला मॅनिस्टी नॅशनल फॉरेस्ट झालं. हॅकली अँड ह्यूमने मात्र मिशिगन संपल्यावर दक्षिणेत लुइझियानात जंगल घेतलं! 'गेला नाही' म्हणता, पण पैसा तर गेलाच ना.

रेवती_क:
+१. ट्रेनिंग स्कूल चांगलंच होतं, त्याबद्दल माझा वाद नाही. पण तेव्हा अमेरिकेत आजच्यासारखा आयकर नव्हता, तो १९१३ नंतर कायमचा आला. म्हणजे किती द्यायचं, कधी द्यायचं, कशावर द्यायचं हे सगळं देणाराच ठरवणार. मिलमध्ये बोटं गमावलेल्या मजुराला विचारलं असतं तर त्याने आधी पगार आणि भरपाई मागितली असती, पार्क नंतर.

मिशिगनकर:
पगार वाढवायला हवा होता, हे मीही म्हणेन. पण त्याच मजुराच्या पोरीला फुकटात पुस्तकं कुठे मिळणार होती? गावाच्या तिजोरीत तेवढे पैसे नव्हते, आणि बाकीचे लाकूडवाले बंगले बांधत होते. बंगला हॅकलीनेही बांधला, चांगला भपकेदार, पण सोबत लायब्ररीही बांधली. मी त्याला त्या बाकीच्यांच्या रांगेत उभा करणार नाही.