दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को: 12,400 किमीला सोळा तास काऊन? (सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा)

काकू, बी-204: डिसेंबरात लेकीकडे जाऊन राहिली. नागपूर-दिल्ली, मग दिल्लीवरून सरळ सॅन फ्रान्सिस्को. नेटवर अंतर 12,400 किमी दाखवते, विमान ताशी 900 नं उडते म्हणतात. चौदा तासांत पोचायला पाहिजे ना? एजंट सोळा सांगते.

दादा, ए-501: काकू, ते 12,400 म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं. दोरा तिबेट, सायबेरिया, ध्रुवाजवळून अलास्का असा जाते. विमान तसं जात नाही.

सी-302: तिबेटवरून काय अडचण? रिकामंच तर आहे.

दादा, ए-501: रिकामं आहे, पण उंच आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान लगेच 10,000 फुटांपर्यंत खाली आणावं लागते. पठारच सरासरी 4,500 मीटर, म्हणजे पंधरा हजार फुटांच्या जवळपास. उतरणार कुठं? मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटांचाच असते. त्यात पश्चिमेकडून जावं म्हटलं, तर एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आकाश बंद केलं.



सी-302: थोडक्यात, वळसा मोठा म्हणून वेळ जास्त.

दादा, ए-501: तिथंच तर गंमत आहे भाऊ. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियानं हेच विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून 15,300 किमी झालं, अन् पोचलं साडेचौदा तासांत! आधीपेक्षा लवकर. वर जेट स्ट्रीम, म्हणजे जोराच्या वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, ती पाठीशी मिळाली. समोरून आली तर डिझेल जास्त, वेळही जास्त.

बी-101: विमानात डिझेल नसते बावा 😄

दादा, ए-501: इंधन म्हणा मग!

काकू, बी-204: अन् पहाटे 4 ला निघून त्याच तारखेला सकाळी पोचते म्हणे लेक. मले तर पटतच नाही.

ए-103 मावशी: पटेल. हिवाळ्यात ते आपल्या साडेतेरा तास मागं. सोळा तासांनी इथं रात्रीचे 8, तिथं सकाळचे साडेसहा. पोचल्यावर झोपू नका, दिवस काढा कसाही. पण खरी काळजी आकाशातली नाही, दिल्लीतली आहे. डिसेंबरचं धुकं! नागपूरचं विमान लटकलं की पुढचं गेलं. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर काढा, चुकलं तर पुढची सोय कंपनीनं करायची असते. वेगवेगळी काढली तर तुमचं तुम्ही पाहा.

सी-302: नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून दोह्याचंही विमान आहे ना? दिल्लीचं धुकंच टळते.

ए-103 मावशी: आहे. पण तिथं थांबा किती आहे ते पाहूनच ठरवा, स्वस्तात मिळालं म्हणून रात्रभर बसून राहाल.

काकू, बी-204: एजंटला एकाच पीएनआरचं सांगते. बॅग मोजायचा काटा कोणाकडे आहे का? लोणच्याच्या बरण्याच पाच किलो झाल्या.

बी-101: आमच्याकडे आहे काकू, रात्री आणून देतो.