सल्ला हवा: सोलापुरात घरी मॉडेल रेल्वेचा लेआउट, बजेट १५ हजार

जुळे_सोलापूर
नमस्कार मंडळी. आमच्या गच्चीवरची दहा बाय आठची खोली रिकामी झाली आहे. तिथे मी आणि माझा आठवीतला मुलगा मिळून रेल्वेचा लेआउट उभा करायचं म्हणतोय. माझं लहानपण सोलापूरच्या रेल्वे लाईन्स भागात गेलं, वेड तेव्हापासूनचं. मुलाला ते माझ्याकडून आलंय. बजेट सगळं मिळून १५ हजार, त्यात प्लाय, वायरी, रंग सगळं आलं. घाई नाही, वर्षभर हळूहळू केलं तरी चालेल. मापात मोठं एचओ घ्यावं की लहान एन? गाडी चालवायला साधं डीसी की डिजिटल डीसीसी? आणि सोलापूरच्या उन्हात गच्चीवरच्या खोलीत हे टिकतं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं. गाडी आपल्या भागातली वाटावी एवढी मात्र इच्छा आहे.

पुणेकर_एचओ
ताई, डोळे मिटून एचओ घ्या. १:८७ प्रमाण, जगात सगळ्यात जास्त माल याच मापात मिळतो. मी जर्मन डिजिटल सेट घेतला, नंतर सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचे), सिग्नल, दुसरं इंजिन असं वाढवत नेलं. साठ हजारांच्या वर गेलं, पण एकाही रुपयाचं वाईट वाटत नाही. १५ हजारांत अडकून बसू नका. आणि आधी एकदा सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं मुलाला घेऊन पुण्याला या, कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय दाखवा. १९९८ पासून चालू आहे. तिथली गाडी हलताना पाहिली की बजेट आपोआप वाढतं.

एन_विजापूररोड
बजेट सांगितलंय त्यांनी, साठ हजार कुठून आले? ताई, खोली दहा बाय आठची आहे ना, मग हिशेब करा. एक्सप्रेस गाड्यांचा हल्लीचा एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा. एचओमध्ये तो २७० मिमी होतो. अठरा डब्यांची गाडी लावली तर पावणेपाच मीटरच्या वर, म्हणजे तुमच्या खोलीच्या लांब भिंतीच्या दीडपटीहून जास्त. एनमध्ये, म्हणजे १:१६० ला, तोच डबा १४७ मिमी. एचओला १८ इंच त्रिज्येचं वळण म्हणजे निव्वळ गोल फिरवायला साडेतीन-चार फूट रुंदी गेली. एनचं वळण दहा इंच त्रिज्येत बसतं. माझा अख्खा लेआउट पलंगाखाली सरकतो. एन घ्या.

होटगी_केबिन
दोघांचंही अर्धवट आहे. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी. तिला ८७ नं भागा, १९.२६ येतात. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिमीचा, तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमीसाठी केलेला. त्यावर सिद्धेश्वर एक्सप्रेसचे डबे ठेवले की गाडी चिंचोळ्या पायांवर उभी दिसते. एनमध्येही तीच गत. ज्यांना सोलापूर विभाग दाखवायचाय त्यांनी हे आधी समजून घ्यावं. मी स्वतः रूळ हातानं बसवतो, पट्ट्यांना डाग देऊन, म्हणजे सोल्डरनं जोडून.

पुणेकर_एचओ
तीन फुटांवरून कुणाला पावणेतीन मिमी दिसतात? आणि नवख्या माणसाला हातानं रूळ बसवायला सांगणं म्हणजे सुरुवात होण्याआधीच बंद पाडणं.

होटगी_केबिन
ज्याला दिसतं त्याला दिसतं. त्यांनी "आपल्या भागातली वाटावी" असं स्वतः लिहिलंय.

यंत्रमाग_पूर्वभाग
ताई, एचओ का एन ते नंतर बगा, आधी तूस आणि ऊन बगा. माझं घर यंत्रमागाच्या शेडला लागून आहे. हवेत सुताचा तूस कायम. तो रुळावर बसतो, इंजिनाची चाकं तो उचलतात, मग चाकांच्या धुरीला (आसाला) गुंडाळत गुंडाळत गिअरात जातो. इंजिन तापतं आणि थांबतं. जुळे सोलापूरला एवढा तूस नसेल, पण गच्चीवर धूळ आहेच. काम झालं की झाकून ठेवायचं. झाकायला चादर घेऊ नका, तिचाच तूस सुटतो. जुन्या फ्लेक्सचा बॅनर बेस्ट. रूळ पुसायला धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराची चिंधी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. पॉलिशपेपर अजिबात लावायचा नाही. चरे पडले की घाण त्यातच धरते.

आता ऊन. मे महिन्यात बाहेर ४३-४४, स्लॅबखाली खोलीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. निकेल सिल्व्हरचा तीन मीटर रूळ २५ डिग्री तापला की सव्वा मिमी वाढतो. सगळे जोड डाग देऊन पक्के केले तर ती वाढ कुठं जाणार? रूळ कडेला फुगतो आणि गाडी पडते. थंडीत बसवणार असाल तर दर जोडाला अर्धा मिमी फट सोडा. मेमध्ये बसवणार असाल तर फट लागत नाही. जोड सुटे ठेवायचे आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर द्यायची, म्हणजे करंट जोडावर अवलंबून राहत नाही.

आर्डुइनो_अक्कलकोट
डीसीसीबद्दल कुणीच बोललं नाही. रेडिमेड डीसीसी कंट्रोलरला पैसे घालू नका. आर्डुइनो मेगा (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि त्यावर बसणारी मोटर शील्ड घ्या, त्यावर डीसीसी-ईएक्स टाका. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. वायफायचा बोर्ड जोडला की मोबाइलवरून गाडी चालते. आठवीतल्या मुलाला याहून चांगलं शिक्षण नाही. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा पत्ता मिळतो, त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. मी माझं सगळं असंच चालवतो, सिग्नलसुद्धा.

एन_विजापूररोड
प्रत्येक इंजिनात डीकोडर (डिजिटल हुकूम समजणारी चिप) बसवायचा खर्च कोण सांगणार? एकच इंजिन असेल तर १२ व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर पुरतो.

डब्ल्यूडीएम_दौंड
कुठलंही माप घ्या, बाहेरून मागवायचं असेल तर सीमाशुल्क आधी धरा. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. मॉडेल रेल्वेही त्याच वर्गात मोडते. आपल्या देशात एवढी मोठी रेल्वे, रोज कोट्यवधी लोक तिनं जातात, आणि तिचं चांगलं चालतं मॉडेल घ्यायचं तर परदेशाकडे बघावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो. एका ऑनलाइन दुकानातून मागवलेला माझा सेट फुटून आला, परत घ्यायला कुणी तयार नाही. तुम्ही छंदवाल्यांकडूनच जुना माल घ्या, समोर चालवून बघून.

पुणेकर_एचओ
जुन्या मालात मोटर जळकी निघते. नवीन घ्या. एचओ.

सात_रस्ता_७२
एचओ घ्या ताई. मोठं दिसतं.

बार्शीकर
होटगीवाल्यांनी गेजचा विषय काढलाच आहे म्हणून सांगतो. आपल्या भागात एक रेल्वे अशी होती की तिला बाजारातला रूळ बरोबर बसतो, आणि ती म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. गेज अडीच फूट, ७६२ मिमी. ८७ नं भागलं की ८.७६. एन स्केलचा रूळ ९ मिमीचा. पाव मिमीचा फरक! म्हणजे डबे, माणसं, स्टेशन सगळं १:८७ चं, आणि रूळ व इंजिनाची खालची चॅसिस एनची. काटो या जपानी कंपनीची चार चाकी छोटी पॉवर चॅसिस मिळते, तिच्यावर पुठ्ठ्याची बॉडी चढवायची. परदेशात नॅरोगेजवाले हेच करतात.

इतिहासही सांगतो, कारण आमच्या गावचा आहे. १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, कुर्डुवाडीचं नाव तेव्हा बार्शी रोड. १९०६ ला पंढरपूरपर्यंत, १९२७ ला मिरजेपर्यंत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं ती बांधली. सगळ्या गाड्यांच्या प्रत्येक धुरीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही हे त्यांचं सूत्र. त्यामुळे दर तीन फुटांना (एका यार्डाला) ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला आणि तरी बार्शीचा कापूस भरभरून गेला. १९५४ पर्यंत ती कंपनीची होती, मग सरकारकडे गेली.

सात_रस्ता_७२
म्हणजे माथेरानच्या गाडीसारखीच ना?

बार्शीकर
नाही. माथेरानची दोन फुटी, ६१० मिमी. आमची अडीच फुटी. सहा इंच जास्त. माथेरानची डोंगर चढायला, आमची माल वाहायला. दोन्हींची तुलना करू नये.

एन_विजापूररोड
हे सगळं छान, पण ताईंनी पहिल्यांदाच करायचंय. बॉडी हातानं करा, डबे हातानं करा, मग गाडी चालणार कधी? मुलाला पहिल्या आठवड्यात काहीतरी फिरताना दिसलं पाहिजे.

जुळे_सोलापूर
सगळ्यांचे आभार, इतकं कळेल असं वाटलं नव्हतं. बार्शीकर, तुमचं वाचून मी थांबलेच. कुर्डुवाडीला उतरून, पलीकडच्या छोट्या फलाटावरून पंढरपूरच्या त्या गाडीत मी आजीबरोबर बसलेली आहे. कार्तिकीला डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. मुलाला ती गाडी बघायलाच मिळाली नाही, आता तिथून ब्रॉडगेज जाते. एक विचारते. गोल न करता भिंतीला लागून एक सरळ फळी, एका टोकाला कुर्डुवाडी, दुसऱ्या टोकाला छोटं स्टेशन, असं चालतं का?

पुणेकर_एचओ
गोल हवाच. सरळ फळीवर गाडी दहा सेकंदांत संपते. मुलगा कंटाळेल.

एन_विजापूररोड
या एका बाबतीत पुणेकरांशी सहमत. गोल हवा.

आर्डुइनो_अक्कलकोट
गोल असेल तर ऑटोमेशनही करता येतं. सरळमध्ये मजा नाही.

निवृत्त_गार्ड
मी आयुष्यभर मालगाडीवर गार्ड होतो. गाडी गोल फिरते ती जत्रेत. खरी गाडी एका स्टेशनातून निघते आणि दुसऱ्यात पोचते, आणि खरं काम पोचल्यावर सुरू होतं. शेवटच्या स्टेशनात इंजिन सुटतं, बाजूच्या लाइनवरून मागे येतं, गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागतं. त्यासाठी दोन सांधे आणि एक समांतर लाइन पुरे. तिसरा सांधा मालधक्क्याला द्या. तीन वाघिणी (मालडबे), एक प्रवासी डबा, एक ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा) एवढ्यावर शंटिंग, म्हणजे डब्यांची जोडतोड, करत बसलात तर संध्याकाळ कमी पडेल. कुठली वाघीण आधी काढायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि मुलाला यार्डमास्तर करा. ताई, तुम्ही सरळ फळीच करा. समांतर लाइनीत तुमचं सगळ्यात लांब इंजिन आणि सगळे डबे मावतात ना, तेवढं कागदावर आधी मोजा.

होटगी_केबिन
गार्डसाहेबांचं बरोबर. पण ९ मिमी सुद्धा ८.७६ नव्हे.

सात_रस्ता_७२
एचओ घ्या. मोठं दिसतं.

यंत्रमाग_पूर्वभाग
सरळ फळीला एक फायदा कुणी सांगितला नाही. आठ बाय चारचा प्लाय भिंतीला लावला तर मागच्या कडेला हात पोचत नाही, अडीच फुटांपलीकडं पडलेली गाडी उचलता येत नाही. फूटभर रुंद फळीला सगळीकडं हात जातो, पुसायलाही सोपं. झाडीसाठी काही विकत घेऊ नका. रंगवलेल्या सुताचा तूस मी पिशवीभर देतो, हिरवा, पिवळा, मातकट. फेविकॉलवर दाबला की रानातलं गवत. बाभळीला तांब्याची वायर पिळून खोड करा. काळ्या रानाची माती चाळून तीच पसरा, आपल्या मातीसारखा रंग डबीत मिळत नाही.

जुळे_सोलापूर
ठरवलं आहे. बहुतेकांच्या विरुद्ध जातंय, रागवू नका. एचओचा सेटही नाही, एनची मोठी गाडीही नाही, गोलही नाही. आठ फूट लांब आणि सव्वा फूट रुंद फळी, १:८७ नॅरोगेज, ९ मिमी रूळ. आठ फूट म्हणजे या प्रमाणात साधारण २१२ मीटर होतात, एका लहान स्टेशनाला पुरतील. डावीकडे कुर्डुवाडीचा छोटा फलाट, उजवीकडे पंढरपूरच्या वाटेवरचं मोडनिंब. सांधे तीन, गार्डकाकांनी सांगितले तसे. कंट्रोलर साधा डीसी. आर्डुइनो पुढच्या वर्षी, मुलानं हट्ट धरलाय, तेव्हा अक्कलकोटवाल्यांना त्रास देणारच. पैसे फक्त चॅसिस, रूळ, सांधे आणि कंट्रोलरवर. डबे आम्ही लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे आणि सनबोर्डचे करणार, एका डब्याचं चित्र मुलानं मापात काढूनही ठेवलंय. दिवाळीच्या सुट्टीत जोशींचं संग्रहालय नक्की बघणार, पुणेकर, तो सल्ला शंभर टक्के मानला.

पुणेकर_एचओ
तुमची मर्जी. सहा महिन्यांनी एचओ घ्यावंसं वाटलं तर माझ्याकडे जास्तीचे रूळ आहेत, तसेच देईन.

बार्शीकर
ताई, फार आनंद झाला. आमच्या घरी जुन्या गाडीचे काही फोटो आहेत, वडिलांनी काढलेले. डब्याच्या खिडक्या, पायरी, छपराचा उतार स्पष्ट दिसतो. रविवारी सोलापूरला येतोय, घेऊन येतो. माप काढताना एक करा: दरवाजाची उंची साधारण माणूस धरून मोजा, बाकी सगळं त्यावरून येतं.

निवृत्त_गार्ड
रविवारी मीही येतो. शंटिंगच्या चिठ्ठ्या मी लिहून आणतो.

जुळे_सोलापूर
दोघांचंही स्वागत, जेवायलाच या. यंत्रमागवाले भाऊ, तुम्हीही पिशवी घेऊन या. एक शेवटचं विचारते: सुताराकडे १२ मिमीचा बीडब्ल्यूआर (पाणी सोसणारा) प्लाय आहे. आठ फूट लांबीला मध्ये झोल येईल का?

यंत्रमाग_पूर्वभाग
नुसता ठेवला तर येणार. खाली दोन्ही कडेला दोन इंची उभ्या पट्ट्या लांबीभर, आणि दर दीड फुटाला एक आडवी. आडव्या पट्ट्यांना मधोमध भोक आधीच पाडून घ्या, वायर तिथून जाते. वाळवी आणि पावसाळ्यासाठी दोन्ही बाजूंनी, कडांनासुद्धा, रंगाचे दोन हात. पिशवी आणतोच.