ल्युपस नेमका कशाने उचल खातो, हे ओळखण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस, म्हणजे एसएलई, हा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार आहे. ती तिशीच्या आतली आहे. सोलापूर जिल्ह्यात कृषी खात्यात तिची फिरतीची नोकरी आहे, सासर तिथलेच आहे आणि उपचार पुण्यातील एका रूमॅटॉलॉजिस्टकडे (सांध्यांच्या आणि ऑटोइम्यून आजारांच्या तज्ज्ञाकडे) चालू आहेत. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि अल्प मात्रेतील स्टेरॉइड या औषधांवर आजार चांगला आटोक्यात होता. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र त्याने पुन्हा उचल खाल्ली. सकाळी बोटे इतकी आखडतात की कुकरचे झाकण लावता येत नाही, गालांवर आणि नाकावर लाल चट्टे उठतात, तोंडात टाळूला व्रण येतात आणि संध्याकाळी अंगात कणकण असते. डॉक्टरांनी औषधे वाढवली आहेत आणि त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. प्रश्न आहे तो पुढच्या वेळी सावध कसे राहायचे याचा.

अतिवृष्टीनंतर पिकांचे पंचनामे चालू असताना ती तलाठी आणि ग्रामसेवकांबरोबर दिवसभर शेतांतून फिरत होती आणि रात्री उशिरापर्यंत याद्या भरत होती. त्याच सुमारास घरात सर्वांना व्हायरल ताप येऊन गेला. लघवीला जळजळ होते म्हणून जवळच्या दवाखान्यातून तिला सल्फा गटातील अँटिबायोटिक मिळाले. तालुक्याच्या गावी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन वेळेवर न मिळाल्याने मध्ये काही दिवस खंड पडला. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून सासूबाईंनी मायेने गुळवेलीचा काढा सुरू केला होता, तोही याच काळात. ऊन, जागरण, संसर्ग, सल्फा, औषधातील खंड आणि काढा, या सगळ्यांवर ल्युपसच्या बाबतीत संशय घेतला जातो, आणि आमच्याकडे ते सगळे एकाच वेळी जमून आले. मग दोष कोणाचा मानायचा?

उन्हाबद्दल डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले आहे. अतिनील किरणांनी त्वचेतील पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातील द्रव्ये उघडी पडतात, आणि ज्या शरीरात त्या द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आधीच तयार आहेत तिथे दाह भडकतो. तो त्वचेपुरताच राहील असेही नाही. हे कळल्यावर मनाला पटते, पण जिचे कामच बांधावर चालते तिने ऊन टाळायचे म्हणजे काय करायचे? तिचे तिच्या कामावर फार प्रेम आहे, आणि आजारामुळे ते सुटू नये असे मला मनापासून वाटते.

आहाराबाबत तर जो भेटेल तो एकेक पदार्थ वर्ज्य करायला सांगतो. कोणी गहू सोडायला सांगितला, कोणी दूध, कोणी वांगी-टोमॅटो, आणि आता मोड आलेली कडधान्येही. आधीच वजन उतरलेल्या, हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीच्या ताटातून पुराव्याशिवाय एकेक पदार्थ काढत जाणे मला अन्यायाचे वाटते.

ज्यांनी स्वतः हा आजार सांभाळला आहे, त्यांनी कृपया सांगावे: कारणांची नोंद कशी ठेवावी, ताप आला तर तो संसर्गाचा की आजाराचा हे कसे ठरवावे, आणि काढ्याबद्दल सासूबाईंचे मन न दुखवता कसे बोलावे?

प्रतिसाद

ताई, मला ल्युपस होऊन बरीच वर्षे झाली आहेत. मी डॉक्टर नाही. अनुभव आणि माझ्या डॉक्टरांकडून कळलेले तेवढेच लिहिते.

एकच दोषी शोधण्याचा आग्रह सोडावा, कारण उन्हाचा परिणाम दुसऱ्या दिवशीच दिसतो असे नाही. चट्टे यायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा अंश शरीरात कित्येक आठवडे टिकत असल्याने खंड पडल्याचा फटकाही उशिरा जाणवतो. त्यामुळे आज त्रास झाला म्हणून काल काय खाल्ले ते आठवत बसणे निरुपयोगी असते. वहीत रोज एक ओळ पुरते: किती वेळ बाहेर होते, झोप, गोळी घेतली की नाही, नवे औषध, ताप आणि सकाळी बोटे मोकळी व्हायला लागलेला वेळ. त्रास वाढला की मागचे तीन आठवडे वाचावेत आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी.

वरच्या यादीतील जे पूर्णपणे आपल्या हातात आहे ते आधी बंद करावे. सल्फाची औषधे नकोत, हे तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि कोणत्याही दवाखान्यात ते पान आधी दाखवा. गोळ्यांचा महिनाभराचा जादा साठा घरात असू द्या. स्टेरॉइड तर एक दिवसही मनाने बंद करू नये.

सासूबाईंना असे सांगता येईल की तिची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती स्वतःच्याच शरीरावर उलटली आहे, म्हणून ती वाढवणारे काही नको. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, हेही त्यांना सांगा. तरीही ज्याबद्दल एवढी शंका आहे ते ऑटोइम्यून रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शक्य असेल तर त्यांना एकदा पुण्याला सोबत न्या. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावरच पटले, आणि त्यानंतर माझ्या गोळ्यांच्या वेळा त्याच सांभाळू लागल्या.

कडधान्यांचा गैरसमज कुठून आला असावा तेही सांगते. ल्युपसमध्ये अल्फाल्फाचे मोड आणि गोळ्या टाळायला सांगतात, कारण त्यातील एल-कॅनाव्हॅनिन या घटकाने आजार भडकल्याचे आढळले आहे. अल्फाल्फा म्हणजे आपल्याकडे जनावरांना घालतात तो लसूणघास. मटकी-मुगाला ती बंदी लागू होत नाही. फक्त प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना मोड कच्चे न खाता उसळ शिजवून खावी.

उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी आणि एसपीएफ ५० चे, यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) अडवणारे सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावे. ढगाळ हवेतही ते लागते आणि एसटीच्या खिडकीपाशी बसल्यावरही, कारण साध्या काचेतून यूव्हीए किरण आत येतात. ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्व कमी पडते, त्याची तपासणी करून घ्या. नोकरी सोडण्याचा विचार मुळीच नको. डॉक्टरांचे पत्र जोडून सकाळी लवकरच्या फिरतीची विनंती करता येते.

तापाचे मात्र घरी ठरवू नका. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आहेत. ल्युपस उसळला की ईएसआर वाढतो, पण सीआरपी बहुधा फारसा वाढत नाही; तो बराच वाढला तर आधी संसर्ग शोधतात. सी३, सी४ आणि डीएस-डीएनए या ल्युपसचा जोर दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांबरोबर लघवीतील प्रथिनांची तपासणी चुकवू नका, कारण मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. लघवीला फेस येणे किंवा पायांवर सूज दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. काल रात्री बहिणीशी बोलले. पाय संध्याकाळी थोडे सुजतात, असे तिने सहज सांगितले. उद्या सकाळीच लघवीची तपासणी करून अहवाल डॉक्टरांना पाठवत आहोत. सासूबाई पुण्याला यायला तयार आहेत. कामाच्या वेळा बदलून घेण्यासाठी डॉक्टरांच्या पत्रात नेमके काय नमूद असावे, हे कोणा शासकीय कर्मचाऱ्याला ठाऊक असल्यास कृपया इथे लिहावे.