बॅक्युला सोर्समधून बांधताना कॉन्फिगरचे पर्याय दरवेळी तेच कसे ठेवायचे?

छापखाना_सातारा:
नमस्कार मंडळी. आमच्या छापखान्यात पुस्तकांच्या फाइली बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरने टेपवर जातात. आधीच्या ॲडमिननी ते सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल केलं होतं, ते आता इथे नाहीत. नवी आवृत्ती चाचणीच्या मशीनवर बांधून पाहिली, तर डिरेक्टर, म्हणजे बॅकअप चालवणारा मुख्य प्रोग्राम, सुरूच होत नाही. 'टीएलएस रिक्वायर्ड बट नॉट कॉन्फिगर्ड इन बॅक्युला' एवढंच म्हणतो. कॉन्फिगरेशन फाइल जुनीच आहे, एक अक्षर बदललेलं नाही. मग अडलंय कुठे?

टेपवाले_काका:
फाइल बरोबर आहे. फाइलमध्ये टीएलएस (नेटवर्कवरचं एन्क्रिप्शन) मागितलंय आणि नव्या बायनरीत ते बांधलेलंच नाही. कॉन्फिगर, म्हणजे कंपाइल करण्याआधी कोणत्या सोयी घ्यायच्या ते ठरवणारी स्क्रिप्ट; तिला विथ-ओपनएसएसएल (टीएलएसला लागणारी लायब्ररी) हा पर्याय मिळालेला दिसत नाही, किंवा मिळाला तरी मशीनवर ओपनएसएसएलची डेव्हलपमेंट पॅकेजेस नसतील. पर्याय लिहिला म्हणजे सोय आली, असं धरून चालू नका. कॉन्फिगर संपताना एक गोषवारा छापतो, तोच कॉन्फिग डॉट आउट या फाइलीतही ठेवतो. टीएलएस, एन्क्रिप्शन, एसीएल (फाइलींच्या परवानग्या), झेडलिब (कॉम्प्रेशन), सगळ्यांपुढे 'येस' की 'नो' ते तिथे कळतं. जुनी आणि नवी फाइल डिफला (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) द्या, फरक लगेच दिसेल.

आधी एक करा. जुनं सोर्स फोल्डर अजून असेल तर त्यातल्या कॉन्फिग डॉट लॉगची प्रत बाजूला काढा. वरच्या दहा ओळींत, डॉलरच्या खुणेपुढे, तेव्हा दिलेली पूर्ण कमांड असते. त्याच फोल्डरमध्ये पुन्हा कॉन्फिगर चालवलंत तर ती पुसली जाईल. फोल्डरच नसेल तर जुन्या बायनऱ्यांवर एलडीडी चालवून त्या कोणत्या लायब्ररी ओढतात ते बघा. पोस्टग्रेस डेटाबेसची की मायएसक्यूएलची, हे नक्की करा. कॅटलॉग (कोणती फाइल कोणत्या टेपवर आहे याची नोंद) एका डेटाबेसमध्ये आणि डिरेक्टर दुसऱ्यासाठी बांधलेला, असं झालं तर जुन्या कॅटलॉगपर्यंत तो पोचणारच नाही.

छापखाना_सातारा:
काका, लॉग मिळाला! विथ-ओपनएसएसएल, विथ-पोस्टग्रेएसक्यूएल, शिवाय वर्किंग डिरेक्टरी आणि सिस्कॉन्फडिरचे (कॉन्फिगरेशन फाइलींचं फोल्डर) वेगळे पाथ. आता नव्याने बांधतो. बांधलेलं जागेवर बसवणारी मेक इन्स्टॉल कमांड माझ्या जुन्या पासवर्डवर पाणी फिरवणार नाही ना?

नाइटशिफ्ट:
नाही. असलेल्या कॉन्फिगरेशन फाइलला ते हात लावत नाही, नवी फाइल 'डॉट न्यू' शेपूट लावून शेजारी ठेवतं. पण ती जुनीच्या जागी टाकू नका, त्यातले पासवर्ड कॉन्फिगरने नव्याने बनवलेले असतात. डिरेक्टर आणि स्टोरेज डेमन (टेपवर लिहिणारा प्रोग्राम) एकाच आवृत्तीचे हवेत. क्लायंटवरचा, म्हणजे बॅकअप घ्यायच्या मशीनवरचा, फाइल डेमन जुना चालतो, डिरेक्टरपेक्षा नवा नको. मोठी आवृत्ती बदलत असाल तर आधी कॅटलॉगचा डंप घ्या, मग टेबल अपडेट करणारी स्क्रिप्ट चालवा.

टेपवाले_काका:
आणि ती कमांड आता लॉगमध्ये राहू देऊ नका. एक छोटी शेल स्क्रिप्ट करा: पहिल्या ओळीत सीफ्लॅग्ज (कंपायलरला द्यायचे पर्याय), खाली एकेका ओळीवर एकेक पर्याय. प्रत्येक पर्याय का दिला ते कमांडच्या वर कमेंटमध्ये मराठीत लिहा, पुढच्या माणसाला लागेल. बॅक्युलाचं मॅन्युअलही कमांड अशी जपून ठेवायलाच सांगतं. स्क्रिप्ट सोर्स फोल्डरच्या बाहेर, कॉन्फिगरेशन फाइलींसोबत गिटमध्ये ठेवा. पुढच्या आवृत्तीला नवा टारबॉल (सोर्सची आवळलेली फाइल) उघडायचा, हीच स्क्रिप्ट चालवायची आणि गोषवारा मागच्याशी ताडून पाहायचा.

आता खरी कळकळीची गोष्ट. ही स्क्रिप्ट, बॅक्युलाचा टारबॉल, लागणाऱ्या पॅकेजेसची यादी, कॉन्फिगरेशन आणि कॅटलॉगच्या बॅकअपची बूटस्ट्रॅप फाइल (तो बॅकअप टेपवर कुठे आहे ते सांगणारी) त्या सर्व्हरवरच आणि त्याच टेपवर असतील, तर सर्व्हर जळाल्याच्या दिवशी कोंबडी आधी की अंडं आधी ही गत होते. टेप वाचायला बॅक्युला हवा, आणि बॅक्युला बांधायची कृती टेपमध्ये. एक पेनड्राइव्ह मालकांच्या कपाटात ठेवा आणि स्क्रिप्टची एक छापील प्रतही. तुमच्याकडे तर छापखानाच आहे.

छापखाना_सातारा:
आत्ताच बांधून झालं. गोषवाऱ्यात टीएलएससमोर 'येस', एसीएलसमोर मात्र 'नो'. एसीएलचं डेव्हलपमेंट पॅकेज टाकून पुन्हा बांधतोय.

टेपवाले_काका:
पुन्हा कॉन्फिगर करण्याआधी मेक डिस्टक्लीन (आधीचं बांधकाम पुसणारी कमांड) करा. नाहीतर मागच्या खेपेच्या कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहतील.