मॉस बॉल एका बाजूने ब्राउन पडलाय आणि दुसरा सारखा वर तरंगतोय, काय करू?

औंधची_मासोळी
नमस्कार मंडळी, माझ्याकडे 20 लिटरचा छोटा टँक आहे. एक फायटर (बेटा मासा), थोडे चेरी श्रिम्प (छोटी लाल कोळंबी), स्पंज फिल्टर, खाली बारीक काळी वाळू, बाकी काही नाही. होळीच्या सुमारास दुकानातून दोन मॉस बॉल आणले, दुकानदार म्हणाला ताई काहीच करायला लागत नाही नुसते टाकून द्या. तेव्हा दोन्ही हिरवेगार होते. आता मे चालू झाल्यापासून मोठा आहे तो एका बाजूने चॉकलेटी झालाय आणि त्या जागी बुळबुळीत लागतो. छोटा हिरवा आहे अजून पण तो आणल्या दिवसापासून वरच, दाबून खाली बसवला तरी दोन सेकंदात परत वर येतो. टँक स्टडी टेबलवर आहे, खिडकी पूर्वेला. पाणी दर रविवारी थोडं बदलते, अँटीक्लोरीन टाकून. लाइट सकाळी लावते ते रात्री झोपताना बंद. काय चुकतंय? आणि खरंच वाढतात का हे, का मुलगी रोज पट्टी लावून मोजते ते उगाचच?

ठाणे_टँकवाला
झोपताना बंद म्हणजे किती तास झाले ताई, चौदा-पंधरा? वर पूर्वेची खिडकी. त्याला सनबर्न झालंय 😄 आधी लाइट सहा-सात तासांवर आणा आणि खिडकीला पडदा लावा, बाकीचे सांगतीलच.

शेवाळवेडा
ठाणेकर बरोबर बोलले, पण उजेड हा अर्धाच मुद्दा आहे, जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मॉस बॉल हे मॉस नाहीच. ते हिरवं शेवाळ आहे, इगाग्रोपिला लिनाई. एकच वनस्पती वाढून गोल झाली असंही नाही, बारीक फांद्या फुटलेले असंख्य धागे एकमेकांत गुंतून गोळा होतो. आत बी नाही, गाभा नाही, मुळं नाहीत. जपानमध्ये होक्काइडो बेटावर अकान नावाचं तळं आहे, तिथले प्रसिद्ध, 20-30 सेंटिमीटरपर्यंत होतात. ते तळं हिवाळ्यात गोठतं आणि हे खाली तळाशी अंधुक उजेडात पडलेले असतात. म्हणजे थंड पाणी, कमी उजेड. आपण त्याला देतो काय तर मे महिन्यातला पुण्याचा फ्लॅट आणि पंधरा तास एलईडी, मग तो बिचारा काय करणार.

आता ब्राउनचं. बॉल बाहेर काढा, एका वाडग्यात टँकचंच पाणी घ्या (नळाचं नको) आणि त्यात तो स्पंजसारखा हलक्या हाताने दाबा, पिळवटायचा नाही. पाणी गढूळ होईल, घाबरू नका, फायटरची घाण आणि उरलेलं खाणं त्याच्यात अडकतं ते निघतं. बुळबुळीत ब्राउन थर बोटाने चोळल्यावर सुटत असेल आणि खाली हिरवं दिसत असेल तर तो वरचा थर आहे, दुसरीच अल्गी (शेवाळ) किंवा नुसती घाण, बॉल ठीक आहे. पण धागेच ब्राउन असतील, ओढल्यावर तुटून हातात येत असतील तर तेवढा भाग मेलाय, कात्रीने कापून टाका. आणि नाकाशी धरा. चांगल्या बॉलला तळ्याच्या पाण्याचा वास येतो, सडलेला असेल तर नाक लगेच सांगतं. सडका तुकडा 20 लिटरमध्ये ठेवू नका, अमोनिया वाढून आधी श्रिम्प जातील.

पांढरा पडला तर उजेड जास्त. राखाडी होऊन विस्कटायला लागला तर आतून सडतोय.

दुसरा बॉल मला संशयास्पद वाटतोय. नवीन खरा बॉल हवा अडकल्याने तरंगतो, पण दाबून बुडबुडे काढले की एक-दोन दिवसांत खाली बसतो. दोन महिने तरंगत राहणारा खरा बॉल मी तरी पाहिला नाही. भिंग घेऊन नाहीतर मोबाइल झूम करून बघा, बारीक पानं दिसली तर ते जावा मॉस, म्हणजे टँकमध्ये लावतात ते खरं मॉस. खऱ्या शेवाळाला पानं नसतात, मखमलीसारखे नुसते धागे. आणि मधे दाबून बघा काही कडक लागतं का.

नागपुरी_कूलर
भाऊ पुण्याच्या गर्मीला काय गर्मी म्हणता 😂 आमच्याकडे मेमध्ये बाहेर 45 आन टँकचं पाणी 33. मी इथं मॉस बॉल ठेवतो आणि जगतो सुद्धा, तर ऐका.

एक तर टँकच्या वर छोटा पंखा, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला चालतो, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका मारायचा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन डिग्री उतरतं, पण पाणी रोज कमी होतं ते भरत राहा, आणि झाकण काढलं की फायटर उडी मारतो म्हणून वर जाळी पाहिजेच. पुण्यात हवा कोरडी असते तोवर हे मस्त चालेल. मुंबईवाल्यांना कमी फायदा, तिकडं हवाच ओली.

दुसरं, जास्तच तापलं तर मी बॉल टँकमधून काढून काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवतो. हो, फ्रिजमध्ये, दह्याच्या शेजारी. फ्रीझरमध्ये नाही हां. थंड अंधारात दोन-तीन आठवडे आरामात राहतो, आठवड्याला पाणी बदलायचं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, आमच्याकडे आईनं पालकाची चटणी समजून झाकण उघडलं होतं.

ताई, तुमच्या केसमध्ये खरी भानगड वेगळीच आहे. फायटरला 26-27 लागतं, मॉस बॉलला 25 च्या खाली बरं वाटतं. दोघांना एकदम खूष नाही करता येत. 28 पर्यंत बॉल सहन करतो पण वाढत नाही, त्याच्या वर सलग राहिलं तर हळूहळू जातो. म्हणून उन्हाळ्यात बॉल वेगळ्या बरणीत, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात. माठाच्या बाजूला ठेवा ना.

कोकण_अ‍ॅक्वा
थोडं मीठ टाका, एका लिटरला एक ग्रॅमच्या आसपास, बिनआयोडिनचं जाडं. माझा बॉल ब्राउन पडलेला त्याने परत हिरवा आला. आणि लिक्विड कार्बनचा डोस द्या, अल्गी जाते.

शेवाळवेडा
@कोकण_अ‍ॅक्वा मिठाचं चालेल, निमखाऱ्या पाण्यात हे शेवाळ राहतं. पण ते बरणीत, टँकमध्ये नाही, ताईंकडे श्रिम्प आहेत. लिक्विड कार्बनला मात्र साफ नाही म्हणतो. अहो बॉल स्वतःच अल्गी आहे! अल्गी मारायचं औषध टाकून अल्गी वाचवायची म्हणजे काय? त्या बाटलीत बहुतेक वेळा ग्लुटाराल्डिहाइड असतं. तसंच माशांच्या औषधात कॉपर असेल तर श्रिम्प आणि बॉल दोन्ही आधी बाहेर काढायचे.

कोकण_अ‍ॅक्वा
बरं बाबा. मीठ तरी पास झालं 🙏

औंधची_मासोळी
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री सगळं केलं आणि ऐका आता.

मोठा बॉल वाडग्यात दाबला तर पाणी चहाच्या रंगाचं झालं, तीन वेळा पाणी बदलावं लागलं. ब्राउन थर बराचसा निघाला, खाली हिरवं आहे, एका बाजूला रुपयाएवढा भाग मात्र धाग्यांसकट मेलेला होता तो कापला. वास नव्हता काही. आता बरणीत घालून माठाशेजारी ठेवलाय, खिडकीपासून लांब.

छोटा बॉल कापला आणि आतून निघाला काय, थर्मोकोलचा गोळा! त्याच्यावर जावा मॉस दाबून बसवलंय आणि वरून केसांच्या जाळीसारखी पारदर्शक बारीक जाळी गुंडाळून मागे गाठ मारलीय. झूम केल्यावर पानं स्पष्ट दिसतात. दोन्हींचे पैसे सारखेच घेतले होते. मुलगी जाम खूष, तिला वाटतंय आपण केस सोडवली.

आता थर्मोकोल फेकला, मॉस लाकडाच्या तुकड्याला दोऱ्याने बांधून टँकमध्ये ठेवलं, श्रिम्प चढून बसलेत त्याच्यावर. बरोबर केलं ना? आणि मोठ्या बॉलचे दोन करता येतात का, कापलाच आहे तर?

ठाणे_टँकवाला
जावा मॉस 28-30 मध्ये पण बिनतक्रार वाढतं, आपल्या हवेला तेच बरं खरं तर. फसवून का होईना, दुकानदाराने कामाची गोष्ट दिली तुम्हाला.

सिअ‍ॅटलचा_मराठी
जरा मधेच येतो. विकत आणलेला कुठलाही बॉल थेट टँकमध्ये टाकू नका, प्लीज. 2021 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या इथे अमेरिकेत सिअ‍ॅटलमधल्या एका दुकानात मॉस बॉलमध्ये झेब्रा मसल सापडले. पट्टेरी शिंपले, नखाएवढे, छोटे असतील तर तांदळाच्या दाण्याहून लहान, दिसत पण नाहीत. माल युक्रेनहून आलेला होता. मग शोधाशोध केली तर वीसहून जास्त राज्यांतल्या दुकानांत तेच. हे शिंपले पाण्याच्या पाइपमध्ये थर करून बसतात आणि एकदा तळ्यात शिरले की काढणं जवळजवळ अशक्य, म्हणून सरकारने लोकांना सांगितलं की बॉल 24 तास फ्रीझरमध्ये ठेवा किंवा मिनिटभर उकळत्या पाण्यात घाला, मग पिशवीत बांधून कचऱ्यात, संडासात फ्लश करायचं नाही. माझे दोन चांगले मोठे बॉल असेच गेले, वाईट वाटलं पण इलाज नव्हता.

तिकडेही माल बाहेरून येतोच. निदान दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून बघा, काही चिकटलेलं, सरपटणारं, गोगलगायीची अंडी वगैरे. आणि कंटाळा आला म्हणून टँकचं सामान नदीत, तलावात सोडायचं नाही. पवना-मुळामुठेत आधीच जलपर्णी कमी आहे का.

शेवाळवेडा
@औंधची_मासोळी हो, दोन करता येतात. कापलेला तुकडा तळहातावर गोल वळायचा, वर साधा सुती दोरा सैलसर गुंडाळायचा, दोरा काही महिन्यांत सुटून पडतो तोवर धागे गुंततात. जपानमध्ये अकानला पर्यटकांना जे छोटे बॉल विकतात ते पण हाताने वळलेलेच असतात, अकानमधले काढायला बंदी आहे. 1921 मध्ये त्यांना नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षण मिळालं, 1952 मध्ये विशेष दर्जा. पूर्वी लोक सर्रास उचलून न्यायचे, मग परत आणून द्या अशी मोहीम झाली आणि 1950 पासून ऑक्टोबरमध्ये तिथे उत्सव होतो, त्यात तिथले मूळ रहिवासी ऐनू लोक बॉल विधिपूर्वक तळ्यात परत सोडतात.

फक्त घाई नको. वर्षाला साधारण 5 मिलिमीटर वाढतो, तेही सगळं जमलं तर. मुलीला सांगा पट्टी रोज नको, वाढदिवसाला लाव.

गोल राहायचं गुपित म्हणजे फिरवणं. अकानमध्ये वाऱ्याने लाटा येतात, त्या तळाशी बॉल हळूहळू लोळवतात, त्यामुळे सगळ्या बाजूंना उजेड मिळतो आणि वरची घाण पण झटकली जाते. टँकमध्ये लाटा कुठल्या, म्हणून पाणी बदलताना तुम्हीच पालथा करायचा. ताईंचा बॉल एकाच बाजूने का गेला ते यातच आलं, खिडकीकडची बाजू कायम तीच. एकाच कुशीवर ठेवला तर चपटा होतो आणि खालची बाजू पिवळी पडते. खत वगैरे काही नको, माशाची घाण पुरते.

आणि एक गंमत. खरा बॉल पण कधीकधी दिवसा वर येतो आणि रात्री खाली जातो. प्रकाशात ऑक्सिजनचे बुडबुडे धाग्यांत अडकतात म्हणून. 2018 मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं. बॉलना काही दिवस मंद लाल उजेडात ठेवलं आणि मग प्रखर लाइट दिला, तर जी त्यांच्या हिशोबाने पहाटेची वेळ होती तेव्हा लाइट लागला की लवकर वर आले, दुपारच्या वेळेला लावला तर उशिरा. म्हणजे त्याला आतलं घड्याळ आहे. मुलीला हे दाखवता येईल, बॉल पूर्ण अंधारात ठेवून सकाळी टॉर्चसारखा लाइट मारा. नेहमीच जमेल असं नाही, माझा एक बॉल ढिम्म हलत नाही.

औंधची_मासोळी
हे भारी आहे, सुट्टीचा प्रोजेक्टच झाला. दोन बॉल केलेत, एक बरणीत आणि एक नागपुरी पद्धतीने फ्रिजमध्ये, वर चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात "चटणी नाही" लिहून. पंखा पण मागवलाय. जून-जुलैत पाणी 26 वर आलं की एक टँकमध्ये सोडीन, चालेल ना?

नागपुरी_कूलर
चालेल. पण 26 थर्मामीटरवर बघा, हात लावून नाही.

नाशिक_गोल्डी
सगळा थ्रेड वाचला, मस्त माहिती. माझ्याकडे चार गोल्डफिश आहेत, टँक एसीच्या खोलीत, पाणी 23-24 असतं. म्हणजे माझ्याकडे मॉस बॉल एकदम फिट ना?

ठाणे_टँकवाला
टेंपरेचर फिट, गोल्डफिश अनफिट. दोन दिवसांत ओरबाडून खातील, उरलेला फिल्टरमध्ये सापडेल. बरणीत ठेवा वेगळा.