मदत हवी आहे: आश्रमशाळेतले जुने लैंगिक शोषण, माहिती अधिकारात नकार, कागद कुठून आणू?

मुक्त_बातमीदार
एका अनुदानित आश्रमशाळेच्या चार माजी विद्यार्थ्यांशी बोललो आहे. वसतिगृहाच्या अधीक्षकाने केलेले शोषण, संस्थेने दाबलेली तक्रार, चौघांचे सांगणे जुळते. संपादक म्हणतात कागद आणा आणि निदान एकाचे नाव छापू द्या. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाने माहिती अधिकाराचा अर्ज कलम ८(१)(ञ), म्हणजे 'वैयक्तिक माहिती' देता येत नाही हे कलम, लावून फेटाळला. कागद कुठून मिळतील? नावासाठी लेखी संमती पुरते का? वकिलाला भेटा हे कृपया सांगू नका, भेटणारच आहे. या आठवड्यात ठरवायचे आहे.

जुनी_फाईल
अर्जात काय मागितले होते ते शब्दशः टाका. नकार बहुतेक त्या शब्दांतच असतो.

कोर्टकचेरी
घटना कोणत्या वर्षांच्या? मुलगे की मुली? तेव्हा वय काय? गुन्हा नोंद आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचे, तो अधीक्षक आज कुठे आहे?

वर्ष विचारतो कारण पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याआधीच्या घटनेला तेव्हाचा भारतीय दंड संहितेतला गुन्हाच लागतो. मुलगी असेल आणि प्रकार विनयभंगाचा असेल, तर फेब्रुवारी २०१३ आधी कलम ३५४ ला कमाल २ वर्षे शिक्षा होती, म्हणजे दखल घ्यायची मुदत ३ वर्षे. ती उलटली की न्यायहितासाठी मुदत वाढवून मागावी लागते. बलात्कार किंवा कलम ३७७ (अनैसर्गिक संभोग) असेल तर मुदतीचा प्रश्न नाही. मुलग्याला नुसता स्पर्श, तर तेव्हा त्याला नेमके बसणारे कलमच नव्हते. 'जुने शोषण' एवढ्यावर काहीच सांगता येत नाही.

रानवारा
कागदांच्या मागे कशाला लागता? एका माजी विद्यार्थ्याला छुपा कॅमेरा देऊन अधीक्षकाकडे पाठवा. कबुली आली की संपादकही गप्प आणि संस्थाही.

सावली
हे अजिबात करू नका. ज्याने शोषण केले त्याच्याच समोर त्या माणसाला परत बसवायचे, तेही आपल्या बातमीसाठी? शिवाय अधीक्षक सावध होतो, संस्था नोंदवह्या आवरते आणि बचाव पक्षाला 'हे सगळे रचलेले आहे' म्हणायची सोय होते.

मुक्त_बातमीदार
चौघेही मुलगे, तेव्हा ११ ते १३ वर्षांचे. तिघांच्या घटना २००९ ते २०११, चौथ्याची २०१३. गुन्हा नोंद नाही. अधीक्षक त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत आहे, वसतिगृहावरच. अर्जात मागितले होते: 'श्री. अमुक यांचे सेवापुस्तक व त्यांच्याविरुद्धच्या सर्व तक्रारी'. आता कागदांचे सांगा.

कोर्टकचेरी
कागद बाजूला ठेवा. हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवे होते. तो माणूस आजही मुलांच्या वसतिगृहावर आहे. पोलिसांना कळवण्याचे बंधन घालणारे पॉक्सोचे कलम १९ घडलेल्या गुन्ह्याइतकेच 'घडण्याची शक्यता वाटते' यालाही लागू आहे आणि ते प्रत्येक व्यक्तीला आहे, पत्रकार त्यातून सुटत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. नोव्हेंबर २०२२ मध्ये राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात सुप्रीम कोर्टाने माहिती न कळवणाऱ्या डॉक्टरविरुद्धचा रद्द झालेला गुन्हा पुन्हा उभा केला होता.

सावली
कलम बरोबर आहे, पण ही चार माणसे आता पंचविशीच्या आसपासची किंवा थोडी पुढची आहेत. त्यांना न विचारता नावे ठाण्यात दिली, तर संध्याकाळपर्यंत पोलीस त्यांच्या गावात. घरच्यांना माहीत आहे का, हे तरी विचारले आहे का? सोसलेल्या माणसाच्या हातून निर्णय दुसऱ्यांदा काढून घेऊ नका.

कोर्टकचेरी
कलमात संमतीची अट नाही.

सावली
नावाचीही नाही. कळवायचे ते आजच्या मुलांबद्दल.

कोर्टकचेरी
तिघांपुरते मान्य. २०१२ आधीचा गुन्हा पॉक्सोखाली येतच नाही, त्यामुळे त्यांची नावे न देता 'पूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून सध्याच्या मुलांना धोका वाटतो' असे लेखी कळवता येते. स्थानिक ठाणे किंवा विशेष बाल पोलीस पथक, पोच घ्यायची. चौथ्याचे तसे नाही. २०१३ ची घटना पॉक्सोतच बसते आणि तो आज सज्ञान आहे म्हणून कलम १९ गळून पडते असे कलमात कुठेही लिहिलेले नाही.

सावली
मग चौथ्याला आधी भेटा, आजच, आणि हे बंधन त्याला स्पष्ट सांगा. त्याने स्वतः तक्रार दिली तर उत्तम. खरे तर हे पहिल्या मुलाखतीआधी सांगायचे असते: तुम्ही जे सांगाल त्यातले काही मला कायद्याने कळवावे लागेल.

जुनी_फाईल
आता कागद. तुम्ही माणसाचे नाव घेऊन मागितले, म्हणून 'वैयक्तिक माहिती' म्हणाले. सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालापासून सेवापुस्तकावर हेच उत्तर येते आणि नोव्हेंबर २०२५ पासून ८(१)(ञ) अजून कडक झाले आहे, त्यातला जनहिताचा अपवाद गेला. कलम ८(२), म्हणजे जनहित मोठे असेल तर माहिती देता येते हे कलम, मात्र शिल्लक आहे, अपिलात त्यावर भर द्या. पहिल्या अपिलाला ३० दिवस आहेत, ते कराच, पण त्यावर विसंबून राहू नका. नवा अर्ज टाका. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, म्हणून तीन वेगळे अर्ज:

एक, त्या शाळेचे २००९ ते २०१४ चे तपासणी अहवाल आणि भेट नोंदवही. दोन, त्याच काळातल्या आवक-जावक नोंदवहीची पाने. तीन, संस्थेच्या शाळांमधल्या अधीक्षक पदावरच्या नियुक्ती व बदलीला दिलेल्या मान्यता, पदानुसार, नाव न घेता.

खरा कागद आवक-जावक आहे. तक्रारीची प्रत गहाळ झाली तरी आवक क्रमांक, तारीख आणि 'कोणाकडे दिले' हा रकाना राहतो. कार्यालयाला कळले होते, हे तेवढ्यावर दाखवता येते. 'अभिलेख नष्ट केले' असे उत्तर आले तर नष्ट केल्याची नोंदवही मागा. अभिलेख जपायची मुदत वर्गानुसार असते: क वर्ग १० वर्षे, क-१ वर्ग ५ वर्षे, ड वर्ग १ वर्ष. तुमच्या तारखांना बरेच कायदेशीरपणेही गेलेले असू शकते, म्हणून उशीर नको. प्रती मागण्याऐवजी आधी अभिलेख पाहण्याची मागणी करा. पहिल्या तासाला शुल्क नाही आणि समोर बसल्यावर शेजारची फाईलही दिसते.

दुसरे दार धर्मादाय कार्यालयाचे. संस्थेचा पीटीआर (सार्वजनिक न्यास नोंदवही) उतारा आणि विश्वस्त बदलल्याचे बदल अर्ज काढा. तक्रार दाबली तेव्हा विश्वस्त कोण होते ते तिथे तारखेसह मिळते.

वाचनवेडा
पाद्र्यांनी केलेल्या मुलांच्या शोषणावर अमेरिकेतल्या बोस्टन ग्लोब दैनिकाच्या स्पॉटलाइट या शोधपत्रकार चमूने हेच केले होते. चर्चच्या वार्षिक निर्देशिका वर्षामागून वर्ष लावून 'आजारी रजा', 'नेमणूक नाही' अशा नोंदी असलेले पाद्री वेगळे काढले आणि जानेवारी २००२ मध्ये मालिका सुरू केली. तक्रारी गुप्त होत्या, बदल्या छापील होत्या. तुमच्याकडे शाळेचे वार्षिक अहवाल आणि स्मरणिका असतील, कर्मचाऱ्यांचे फोटो त्यातच असतात.

रानवारा
निर्देशिका चाळून कोणी तुरुंगात गेले नाही. पुरावा लागतो.

वाचनवेडा
शोषण घडल्याचा पुरावा वेगळा आणि संस्थेला माहीत असून तिने माणूस हलवला याचा वेगळा. निर्देशिका दुसऱ्यासाठी.

दीपस्तंभ
पीडितांना राज्याच्या मनोधैर्य योजनेतून मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

सावली
त्याला गुन्हा नोंद लागतो. इथे तो टप्पा अजून आलेला नाही.

कोर्टकचेरी
नावाचा प्रश्न राहिला. चौथ्याचे नाव कोणत्याही संमतीवर छापू नका. पॉक्सो कलम २३ मध्ये नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर, ओळख पटेल असा कोणताही तपशील बंद आहे. परवानगी फक्त विशेष न्यायालय देऊ शकते, तीही मुलाच्या हितासाठी. मालक आणि प्रकाशकही जबाबदार धरले जातात, हे संपादकांना वाचून दाखवा. शाळेचे नाव अधिक वर्ष अधिक इयत्ता, एवढ्याने गावात ओळख पटते. चेहरा धूसर करून चालेल असेही समजू नका. मुझफ्फरपूरच्या बालिकागृह प्रकरणात ऑगस्ट २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने धूसर केलेली चित्रेही दाखवायला मनाई केली होती.

बिट_आणि_बाइट
रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवरून कोणालाही पाठवू नका, फाईल कॉम्प्रेस होऊ शकते आणि मूळ तारखा जातात. मूळ फाईल तशीच ठेवून तिचा शा-२५६ हॅश (फाईल बदलली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) त्याच दिवशी लिहून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो लागतो. मुलाखती एकत्र घेतल्या की वेगवेगळ्या?

मुक्त_बातमीदार
दोघांची एकत्र झाली. ते एकमेकांशिवाय बोलायला तयार नव्हते. हॅश काढलेला नाही, आज काढतो. चौथ्याला फोन केला आहे, उद्या सकाळी भेट.

सावली
त्या दोघांकडून पुन्हा सगळे वदवून घेऊ नका. प्रत्येक नव्या रेकॉर्डिंगमधला फरक उलटतपासणीत त्यांच्यावरच येतो आणि न्यायालयाने मागितले तर रेकॉर्डिंग रोखून धरायला आपल्याकडे पत्रकाराला संरक्षण देणारा कायदा नाही. एकत्र बोलले हे टिपणात तसेच लिहा. एकेकट्याला फक्त काळ विचारा: कितवीत होतास, मुख्याध्यापक कोण, सहामाहीआधी की नंतर. उद्या सोबत समुपदेशक असेल तर बरे, आणि भेटीची जागा त्याला ठरवू द्या.

जुनी_फाईल
संस्थेला प्रश्नावली अजून पाठवली नाही ना? पोलिसांची पोच आणि नोंदवहीची पाने हातात आल्याशिवाय पाठवू नका. पाठवाल तेव्हा स्पीड पोस्टने, उत्तराला पुरेसे दिवस देऊन, आणि प्रश्न कागदांवरून विचारा. विद्यार्थी ओळखू येईल असा एकही प्रश्न त्यात नको.