होमकेअर ब्यूरो : मावश्या महिनाभरही टिकत नाहीत, काय चुकतंय?

कोथरूड_ब्यूरो
पुण्यात १० घरी चोवीस तास पेशंट सांभाळायला बायका पुरवतो. पाळ्या सकाळी ८ आणि रात्री ८. पटावर २० जणी. नवीन बाई महिन्याच्या आत सोडते. विचारलं की "घरी अडचण आहे" एवढंच. पगार बाजारभावाने देतो. जाहिरातीवर खर्च वाढवू की पगार?

हजेरीबुक
दोन्ही थांबवा, आधी हजेरीचं गणित करा. १० घरं, २ पाळ्या, ३० दिवस म्हणजे ६०० ड्युट्या. आठवड्याची सुट्टी धरली तर एक बाई महिन्याला २६ करते. २० जणींच्या होतात ५२०. उरलेल्या ८० त्याच बायकांच्या गळ्यात, म्हणजे प्रत्येकीला सरासरी ४. रात्र काढून, पिशवी भरून सकाळी ८ ला चपला घालायच्या बेतात असताना ऑफिसचा फोन येतो, "बदलीची आली नाही, आजचा दिवस काढा." हीच ती घरची अडचण.

कोणीही आजारी पडलं नाही तरी २४ लागतात. दहा टक्के गैरहजेरी धरली तर २६. या वरच्या ६ जणी बदलीच्या. त्यांना ड्युटी निघो न निघो, २६ दिवसांचा पगार बांधून द्या. "काम असेल तेव्हा बोलावतो" म्हटलं की त्या दुसऱ्या ब्यूरोत नाव लावतात, आणि ऐन वेळी फोन उचलत नाहीत.

घर देताना बसचा मार्गही बघा. हडपसरच्या बाईला बाणेरची ड्युटी दिली तर दोन बसमध्येच तिचा दिवस जातो. पगार वाढवून तो वेळ परत येत नाही.

ड्रॉशीट
वरचं बरोबर, पण निम्म्या जणी पहिल्या आठवड्यातच जातात. त्याचं कारण हजेरीत सापडत नाही, ते घरात असतं. बाई पाठवण्याआधी कोणीतरी तासभर जाऊन बघून यायला हवं : पेशंटचं वजन किती, स्वतः कूस बदलतो का, जेवणाची नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) आहे का, बाईने कोणतं संडास-बाथरूम वापरायचं, जेवण कोणाचं, पाठ टेकायला जागा कुठे. हे कागदावर लिहून घरच्यांची सही घ्या. झाडू-पोछा आणि सगळ्यांची भांडी करायची नाहीत हेही त्यातच. फोनवर "आजी शांत आहेत, फारसं काम नाही" म्हणणाऱ्या घरी आजी नव्वद किलोच्या निघतात.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला मुक्कामी एकच बाई कधीच देऊ नका. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ नये म्हणून दर २ तासांनी कूस बदलायची, मग तिने झोपायचं कधी?

भरती करताना मुलाखतीपेक्षा अर्धा तास पलंगापाशी करून दाखवायला सांगा. माणूस पलंगावर असताना चादर बदलणं. व्हीलचेअरवर घेताना आधी ब्रेक लावते का. पेशंट स्त्री असेल तर डायपर बदलताना पुढून मागे पुसते का. उलटं पुसलं की लघवीचा संसर्ग होतो. नळीतून फीड देताना डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि नंतर निदान अर्धा तास तसंच. येत नसेल तर शिकवा, पहिल्या दोन ड्युट्या जुन्या मावशीबरोबर लावा, त्यांचे पैसेही द्या.

नळी घालणं आणि इंजेक्शन ही नर्सची कामं. "तेवढं टोचून टाका मावशी" असा आग्रह झाला तर नकार ऑफिसने द्यायचा, तिने नाही.

सात_तारीख
पगाराची तारीख कोणती? कुटुंबाकडून पैसे आले की पगार, असं असेल तर आधी ते बदला. कुटुंबाकडून १५ दिवसांची अनामत घ्या आणि पगार ठरल्या तारखेलाच द्या.

पटावर २० जणी आहेत म्हणजे पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) दोन्ही लागू. पगार २१,००० पर्यंत असला की ईएसआयसीत मालकाचे ३.२५ आणि तिचे ०.७५ टक्के. १६,००० वर तुमचे ५२०, तिचे १२०. त्यात नवरा-मुलांचाही उपचार होतो. कार्ड हातात द्या, बिबवेवाडीच्या ईएसआयसी रुग्णालयात कसं जायचं ते समजावून सांगा. नुसतं कापून घेतलेलं तिला दंडासारखं वाटतं.

बाई परस्पर ठेवून घेणारी घरं असतातच. समजा कुटुंब दिवसाला ९०० देतं आणि तिला ६०० मिळतात. मधले ३०० दोघांनाही दिसतात. तिची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं हा उपाय नव्हे, शुद्ध दादागिरी आहे. अट कुटुंबाच्या करारात घाला : बाई थेट ठेवायची तर ब्यूरोला ठरलेली रक्कम द्यायची.

आणि पेशंटचं घर हीसुद्धा कायद्याने कामाची जागा आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त कर्मचारी असले की अंतर्गत समिती लागते. घरातल्या पुरुषाविरुद्ध तक्रार आली तर त्याच दिवशी बाई काढून घ्या, तिची त्या दिवसाची हजेरी भरा, आणि तिथे दुसरी पाठवू नका.

कोथरूड_ब्यूरो
८० चा आकडा बघून गप्पच झालो. बदलीच्या ६ जणी कुठून आणू? आणि गणपतीत निम्म्या एकदम कोकणात जातात, त्याचं काय?

हजेरीबुक
आहेत त्यांच्याच नात्यागोत्यातून. ओळखीची बाई आणणारीला बक्षीस द्या, पण दोन हप्त्यांत : नवीन ३० दिवस टिकली की अर्धं, ९० दिवसांनी उरलेलं. मग आणणारीच तिला सांभाळून घेते. फक्त सगळ्या एकाच गावच्या घेऊ नका, नाहीतर एका लग्नात ऑफिस रिकामं. मराठवाड्यातल्या, ख्रिश्चन, मुस्लिम अशा मिसळून असल्या की सणांच्या सुट्ट्या आपोआप विभागतात.

गणपतीसाठी रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीची यादी त्याच्याही आधी भिंतीवर लावा, गेल्या वर्षी थांबलेल्यांची नावं वर. तिकीट काढून झाल्यावर "थांबा" म्हणाल, तर गेलेली बाई परत येत नाही.